नागपूर ते न्यूयॉर्क: चौदा तास की साडेतेवीस?

धुऱ्यावरचा_बाप
नमस्कार मंडळी. समुद्रपूर तालुक्यातलं गाव आमचं. मोठी पोरगी एमएस करायला न्यू जर्सीला जाऊन राहिली, पोळ्याच्या आधीच्या शनिवारी, 16 ऑगस्ट 2025 ला. काल तिकीट हाती आलं आणि तेव्हापासून डोकं चालून नाही राहिलं.

तिकिटावर असं आहे: नागपूरहून शनिवारी संध्याकाळी साडेसहा, मुंबईत उतरायचं, रात्री दोनला तिथून दुसरं विमान, न्यूयॉर्कला रविवारी सकाळी साडेआठ. म्हणजे साडेसहा ते साडेआठ, चौदा तास. मोबाईलवर पाहिलं तर नागपूर ते न्यूयॉर्क साधारण 12,600 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900. भागाकार केला, बरोबर चौदा आले! दोन्ही हिशोब जुळले.

तिकीट काढणारा पोट्टा मात्र म्हणते, "काका, साडेतेवीस तास लागतात." मी म्हटलं, मले अडाणी समजतं का? दहावीपर्यंत गणितात कधी नापास नाही झालो. आता तुम्हीच सांगा, कोण चुकून राहिलं? त्यात मुंबईत सहा तास बसायचे आहेत, ते चौदातून काढले तर विमान आठच तासांत अमेरिकेत कसं पोचते, हेही समजत नाही.

कापूसकोंड्या
विमानाले नायट्रो बसवलं असंन काका. 😄

जर्सीतली_ताई
काका, पोट्टा बरोबर सांगतोय. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तिथे सकाळचे साडेआठ म्हणजे तुमच्याकडे त्याच रविवारी संध्याकाळचे सहा. शनिवारी साडेसहा ते रविवारी सहा, साडेतेवीस तास. त्यातला नागपूर-मुंबई तास चाळीस मिनिटं, मुंबईत जवळजवळ सहा तास, आणि मुंबई-न्यूयॉर्क सोळा.

तुमचे दोन्ही चौदा जुळले तो निव्वळ योगायोग. येतानाचं तिकीट बघाल तेव्हा उलटी गंमत होईल. एका दुपारी निघालेली पोरगी कागदावर थेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचेल आणि तुम्ही म्हणाल विमान रस्ता चुकलं.

धुऱ्यावरचा_बाप
हाव, हे समजलं. म्हणजे त्या पोट्ट्याची माफी मागावी लागते. पण ताई, भागाकाराचे चौदा तरी खरे ना? मग एकट्या मुंबई-न्यूयॉर्कलेच सोळा काहून?

हिंगणघाटचा_मास्तर
भूगोल शिकवून निवृत्त झालो, म्हणून तोंड घालतो.

900 हा वेग विमान वर स्थिर झाल्यावरचा. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, उतरण्याआधी घिरट्या, हे सगळं तिकिटावरच्या वेळेत धरलेलं असतं. शिवाय जाताना वारा समोरून. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा पट्टा वाहतो, कधी ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरने. डवरणीला उतारावर बैल कसे आपोआप चालतात आणि चढावर हेलपाटतात, तसंच. म्हणून येतानाचं विमान दीड-दोन तास आधी पोचतं.

आता खरी मजा. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, नसेल तर संत्रं घ्या. नागपूर आणि न्यूयॉर्कवर टाचण्या लावून दोरा ताणून धरा. दोरा पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाणार नाही, सरळ वर उत्तरेला जाईल. नागपुरातून निघताना विमानाचं तोंड उत्तरेपासून डावीकडे जेमतेम बावीस अंश. म्हणजे दिल्लीच्या किंचित डावीकडून, रशियावरून, नॉर्वेच्या पलीकडच्या समुद्रात 69 अक्षांशापर्यंत, आर्क्टिक वृत्त ओलांडून, मग खाली अमेरिकेत. फळ्यावरच्या नकाशात पाहून आपण अमेरिका मावळतीला समजतो. चपट्या नकाशाची ती खोड.

आणि एक कोडं घालतो. मुंबई-न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण 12,530 किमी. नागपूर मुंबईच्या पूर्वेला 690 किमी. तर नागपूर-न्यूयॉर्क किती?

संत्रानगरीचा_संजू
13,220. सोपं आहे सर.

हिंगणघाटचा_मास्तर
12,600. धुऱ्यावरचे भाऊ पहिल्याच पोस्टमध्ये सांगून बसलेत. फरक फक्त सत्तरेक किलोमीटरचा.

संत्रानगरीचा_संजू
शक्यच नाही. आम्ही मुंबईच्या एवढे मागे राहतो आणि अमेरिका आम्हाला फक्त हिंगणघाट ते नागपूर एवढी लांब पडते? मोबाईलनं काहीतरी घोळ केला असेल.

हिंगणघाटचा_मास्तर
संजू, तू कधी वावराच्या दोन कोपऱ्यांतून तिसऱ्या कोपऱ्याला गेलास का? पश्चिमेचं अंतर पश्चिमेला जाणाऱ्यालाच मोजून मिळतं. इथं जायचंच आहे उत्तरेला. शिवाय नागपूर मुंबईपेक्षा दोन अंश वर आहे, ते दोन अंश म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर आपल्या बाजूने धरले जातात. कागदावर करून बघ: पृथ्वीची त्रिज्या 6,371 धर, दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश घे. उत्तर हेच येणार.

संत्रानगरीचा_संजू
केलं. 12,598 आलं. माफी सर. पण मग आमच्या पोरांना आधी मुंबईला उलटं काहून नेतात?

जर्सीतली_ताई
कारण नागपूरहून अमेरिकेला भरेल एवढं विमान कोण सोडणार? एका विमानात साडेतीनशे सीट. मग मुंबई, दिल्ली नाहीतर दोहा. नागपूर-दोहा थेट विमान आहे, चार-साडेचार तासांचं. मी दोनदा तसंच गेले. मुंबईचा फेरा वाचतो, पण पहाटे सोनेगाव विमानतळावर पोचायचं म्हणजे आदल्या रात्री नागपुरात कुणाच्यातरी घरी मुक्काम.

जागल्या_राळेगाव
मी काही अमेरिकेला गेलो नाही, जाणारही नाही. पण एक सांगतो. हरभऱ्याच्या दिवसात डुकरांसाठी जागलीला मचाणावर बसलो की रात्री बारा ते चार विमानं मोजतो. एक उत्तरेकडून दक्षिणेले, एक पूर्वेकडून पश्चिमेले, लाल-पांढरा लुकलुकणारा दिवा. आवाज मागून येते, दिवा पुढं गेलेला असते. आधी वाटे सगळी नागपूरले उतरतात. पुतण्यानं मोबाईलमध्ये फ्लाइटरडार टाकून दिलं. बापरे! डोक्यावरून जाणारं एक दुबईहून निघालेलं, एक सिंगापूरले चाललेलं. खाली मी टॉर्च आणि फटाके घेऊन, वर तीनशे माणसं घोंगडं पांघरून झोपलेली. त्यांना काय माहीत खाली राळेगाव आहे ते.

एकदा डुक्कर डाव्या हातानं वावरात घुसून गेलं आणि मी वर पाहत बसलो होतो. बायकोनं ते ॲप काढून टाकायला लावलं.

कापूसकोंड्या
डुकराच्या मोबाईलमध्येही ॲप असंन, "जागल्या आकाशात पाहून राहिला, घुसा." 😂

हिंगणघाटचा_मास्तर
जागल्या भाऊ, तुमचं निरीक्षण पक्कं आहे. देशाच्या उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या हवाई वाटा आपल्या डोक्यावर एकमेकींना छेदतात. नागपूरच्या नियंत्रण कक्षाशी बोलणारी बरीचशी विमानं नागपुरात उतरतच नाहीत.

वायगावची_हळद
अंतराचा विषय निघालाच आहे तर मास्तर, ते हिंगणघाटच्या कबरीचं सांगा ना. तुम्ही आमच्या वर्गाला दाखवायला नेलं होतं.

हिंगणघाटचा_मास्तर
विद्यार्थिनी निघाली म्हणायची! कोणत्या वर्षीची गं तू?

सांगतो. विल्यम लॅम्ब्टन नावाचा इंग्रज. 1802 मध्ये मद्रासजवळ साखळीनं एक सरळ रेघ मोजली आणि तिथून त्रिकोणावर त्रिकोण रचत उत्तरेला निघाला. अर्ध्या टनाचं, कोन मोजायचं थिओडोलाइट यंत्र बैलगाड्यांवर आणि माणसांच्या खांद्यावर. हेतू नुसता नकाशा नव्हता, पृथ्वी नेमकी किती वाकलेली आहे ते मोजायचं होतं. एक अंश म्हणजे किती मैल, ते प्रत्यक्ष जमिनीवर. वीस वर्षं हेच केलं. 1823 मध्ये हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवताना वाटेत हिंगणघाटला वारला. तिथंच पुरला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं नेलं. त्याचं नाव शिखराला मिळालं आणि ह्याच्या वाट्याला आपलं हिंगणघाट. आज मोबाईल एका क्षणात 12,600 सांगतो त्यामागे पृथ्वीच्या आकाराचा जो हिशोब आहे, त्याच्यासाठी घासलेला एक माणूस आपल्या कापसाच्या गावात झोपलाय.

मी पोरांना नेलं तेव्हा निम्मे पोट्टे बोरं खायला गेले होते हेही खरं.

वायगावची_हळद
बोरं खाणाऱ्यांत मी होते सर. 🙈

बेलोऱ्याचा_पाहुणा
नागपूर नागपूर काय लावलं? आता आमच्या अमरावतीलाही विमानतळ आहे. 16 एप्रिल 2025 पासून बेलोऱ्याहून मुंबईला विमान. आमच्या गावातले अर्धे लोक पहिल्या दिवशी नुसतं बघायला गेले होते. पंख्याचं विमान बघून एक आबाजी म्हणे, "हे तर थ्रेशरसारखं दिसते."

समृद्धीवरून
विमान कशाला, समृद्धी घ्या. 701 किलोमीटर, आठ तासांत मुंबई. जूनपासून पूर्ण सुरू झाला.

जर्सीतली_ताई
@समृद्धीवरून, मुंबईपुढे समृद्धी संपते हो. 😀

समृद्धीवरून
फाटा मागतो गडकरी साहेबांना. 😎

आडमुठा_आर्वी
सगळं खरं. पण चांगलं वावर गहाण टाकून पोरीला 12,600 किलोमीटर लांब पाठवायचं, आणि मग इथं तास मोजत बसायचं. नागपुरात इंजिनिअरिंग नाही का, पुणे नाही का? आईबाप म्हातारे झाले की हे अंतर किती किलोमीटरचं हे मोबाईल नाही सांगत.

धुऱ्यावरचा_बाप
@आडमुठा, वावर नाही टाकलं गहाण. बँकेचं कर्ज आहे, तिच्या नावावर, मी जामीन. तुमचं बोलणं मी स्वतःला दोनदा बोलून झालो आहे, रात्री दोनला. पुढं काही बोलत नाही.

आई_वर्धा
आडमुठे दादा, माझा मुलगा पुण्यात आहे. 700 किलोमीटर. दिवाळीला रिझर्व्हेशन मिळालं नाही म्हणून आला नाही. अमेरिकेतली भाची दर रविवारी व्हिडिओवर बोलते. तेव्हा जाऊ द्या.

धुऱ्यावरचे भाऊ, खायला काय देताय ते सांगा.

धुऱ्यावरचा_बाप
बायकोनं सांडगे, कुरड्या, जवसाची चटणी, तीळ-खोबरं, आणि लसणाचा ठेचा तेलात. वर्ध्याचा गोरसपाक, म्हणजे तिथली बिस्किटं, चार डबे. माय म्हणते कढी गोळे पण दे, तिला सांगून थकलो.

जर्सीतली_ताई
गोरसपाक! पत्ता पाठवते, एक डबा इकडे वळवा. 😋

कामाचं सांगते. ठेचा आणि लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नका, 100 मिलीच्या वरचं पातळ काही चालत नाही; मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून, वर चिकटपट्टी. ताजी फळं, संत्री, बोरं, मांस नको. फॉर्मवर खाण्याचं आहे असं खरं लिहायला सांगा. लपवलं तर दंड, सांगितलं तर बहुतेक वेळा सोडून देतात. जाड स्वेटर बॅगेत नाही, अंगावर. विमानात थंडी वाजते, शेजारचा पंखा बंद करता येतो हे तिला सांगा, मला सहा तासांनी समजलं होतं.

आणि एक जिवावर आलेला अनुभव: माझी एक बॅग मधल्याच एका विमानतळावर राहिली होती. तीन दिवसांनी आली. तेव्हापासून एक जोड कपडे, औषधं आणि सगळी कागदपत्रं हातातच. ठेचा गेला तरी चालेल, आय-20 (कॉलेजनं दिलेला विद्यार्थी व्हिसाचा कागद) नको जायला.

कापूसकोंड्या
एक गंभीर प्रश्न विचारतो, हसू नका. पृथ्वी फिरते ना पश्चिमेकडून पूर्वेकडे? मग विमानानं वर जाऊन एकाच जागी थांबावं, अमेरिका आपोआप खाली येईल. डिझेलही वाचेल.

हिंगणघाटचा_मास्तर
एस्टीत उडी मारलीस तर मागच्या सीटवर पडतोस का? हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, तिच्यात विमानही. आणि डिझेल नाही, विमानाचं इंधन वेगळं, रॉकेलच्या जातीचं. बोइंग 777 च्या मोठ्या विमानात 1 लाख 81 हजार लिटर मावतं. साठ लिटरची टाकी धरलीस तर तीन हजार ट्रॅक्टर फुल. उडताना साडेतीनशे टनांपैकी दीडशेच्या आसपास नुसतं इंधन. म्हणजे विमान बरंचसं इंधन स्वतःचं इंधन वाहून नेण्यासाठीच जाळतं.

कापूसकोंड्या
आपल्या ट्रॅक्टरच्या हप्त्यासारखं. कमावते हप्त्यासाठी, फेडते हप्ता.

संत्रानगरीचा_संजू
सर, तुमच्या दोऱ्याची वाट खरंच वापरतात का? पाकिस्तान बंद आहे ना आपल्या विमानांना?

हिंगणघाटचा_मास्तर
बरोबर धरलंस. 24 एप्रिल 2025 पासून भारतीय कंपन्यांना ती हवाई हद्द बंद आहे, म्हणून अरबी समुद्रावरून वळसा पडतो. 2019 मध्येही फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. दिल्लीहून निघणाऱ्यांना ह्याचा जास्त फटका. काही विमानांना वाटेत युरोपात इंधनासाठी थांबावं लागतं. दोऱ्याची वाट ही पृथ्वीची, प्रत्यक्ष वाट वाऱ्याची आणि राजकारणाची.

कधी कधी लांबची वाटही लवकर पोचवते. 2016 मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून 15,300 किमी झालं, पण वारा पाठीशी म्हणून साडेचौदा तासांत पोचलं. आणि जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला उत्तर ध्रुवावरून आणलं, जवळजवळ 16,000 किमी. सध्याचं सगळ्यात लांब विमान सिंगापूर-न्यूयॉर्क, साडेअठरा ते एकोणीस तास. तेव्हा भाऊंची पोरगी सोळा तासांतच सुटते.

धुऱ्यावरचा_बाप
मायनं विचारलं, किती कोस पडते? दोन मैलांचा कोस धरून सांगितलं, चार हजारले थोडे कमी. ती म्हणे बंडीनं किती दिवस? दिवसाचे आठ तास, तासाला चार किलोमीटर धरले तर 394 दिवस. म्हणे, "म्हणजे तेरा महिने. आणि बैलांची पाणी-सावली?" समुद्राचं मी सांगितलंच नाही.

जागल्या_राळेगाव
आजीचा हिशोब सगळ्यात बरोबर. पाणी-सावली कोणी नाही विचारली इतक्या पोस्टीत.

शून्य_मैल
उशिरा आलो. नागपूरचा शून्य मैलाचा दगड, चार घोडे, तिथून देशाची सगळी अंतरं मोजतात, हे कुणी बोललंच नाही?

हिंगणघाटचा_मास्तर
मोजत नाहीत रे बाबा. तो सर्वेक्षणाचा खांब आहे, त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे. राष्ट्रीय महामार्गाचे दगड त्याच्यापासून सुरू होत नाहीत. ह्यावर वेगळा धागा काढ, मी तिथं भांडायला येतो.

धुऱ्यावरचा_बाप
मंडळी, पोरगी पोचली.

ताईंनी सांगितलं होतं म्हणून मी वहीत लिहीत गेलो, उतरवतो. शनिवारी दुपारी एकला घरून निघालो. सोनेगाव 80 किलोमीटर, वेळ भरपूर ठेवला होता. जाम चौरस्त्याच्या अलीकडे शेजाऱ्याच्या बोलेरोचं मागचं चाक बसलं. जॅक होता, पाना नव्हता. टरबूजवाल्याकडून पाना आणला. चाळीस मिनिटं. पोरगी रस्त्याच्या कडेला बॅगेवर बसून होती, पास काढल्यासारखी शांत. मीच घामानं निथळत होतो. चारच्या आत पोचलो तरी.

आत जाताना तिनं मागे पाहिलं आणि म्हणे, "बाबा, बोलेरोची हवा चेक करून घ्या जाताना." बस, एवढंच.

मुंबईहून विमान दोनऐवजी दोन चाळीसला उडालं. हवेत सोळा तास दहा मिनिटं. उतरून रांगेत दीड तास. मग ताईंनी (हो, आपल्याच जर्सीतल्या ताईंनी, त्यांचे उपकार कसे फेडू) घरी नेलं, तिथे दुपारचे सव्वाबारा. आपल्याकडे रात्रीचे पावणेदहा. दारातून दारात बत्तीस तास पंचेचाळीस मिनिटं, त्यातले हवेत अठरासुद्धा नाही.

जर्सीतली_ताई
उपकार फिटले, गोरसपाक मिळाला. 😊 कुरड्या तळून पण झाल्या. ती झोपलीय.

आडमुठा_आर्वी
पोचली ना. बरं झालं. ठेचा फुटला नाही ना बॅगेत?

जर्सीतली_ताई
एक पिशवी फुटली. दुसरीनं धरलं.

धुऱ्यावरचा_बाप
मायनं माजघरातलं जुनं घड्याळ काढायला लावलं, नवा सेल टाकला आणि साडेनऊ तास मागे करून देवघराच्या बाजूला टांगलं. आता शेजारचं कोणी आलं की विचारते, "हे बंद पडलं का?" माय म्हणते, "नाही, हे पोरीचं आहे."

हिंगणघाटचा_मास्तर
भाऊ, 2 नोव्हेंबरला ते आणखी एक तास मागे करा. हिवाळ्यात तिकडे घड्याळं मागे घेतात, फरक साडेदहाचा होतो. मार्चमध्ये परत पुढं.

धुऱ्यावरचा_बाप
हे मायला समजावून सांगायला तुम्हीच या सर. येताना पाना घेऊन या.